निर्लेखन

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, रामलिंगभावजी शेतात आले, तेव्हाच सिंधूला शंका यायला हवी होती. सहा वर्षं हा माणूस लातूरहून गावात यायचा तो मित्राकडं उतरायचा, आणि धाकट्या भावाच्या दारावरून जाताना गाडीची काच वर करायचा. बांधावरच्या एका लिंबावरून दोघा भावांचं बिनसलं होतं. लिंब कधीच वठून गेला, पण अबोला काही सुटला नव्हता. आणि आज तोच रामलिंग कडब्याच्या कोपीपुढं तिच्या नवऱ्याच्या, बजरंगच्या, मांडीला मांडी लावून बसला होता आणि बजरंग स्वतःच्या हातानं त्याच्या पत्रावळीवर शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढत होता.

सासूला, केवळाबाईंना, तर काय करू नि काय नको असं झालं होतं. कोपीत मांडलेल्या पाच दगडांची, पांडवांची, पूजा झाल्यापासून त्या तीनदा खीर घेऊन लेकांच्या पुढं आल्या होत्या आणि तिन्ही वेळा वाढायचं सोडून नुसत्या बघत उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा तो चेहरा बघूनही सिंधूनं विचारलं नाही, की बाबा रे, हे एकाएकी जमलं कसं.

पण माणसाला एकदा अभिमान चढला की डोळे नीट काम करत नाहीत. वडजीवाडीच्या शाळेच्या दोन दगडी खोल्यांचं काम सिंधूनं, तिथली सदस्य म्हणून, गेल्या महिन्यात जिल्हा परिषदेच्या सभेत मंजूर करून आणलं होतं. निदान तशी तिची समजूत होती.

त्या सभागृहात बायका-सदस्यांच्या रांगा मागच्या. त्यांचे नवरे बाहेर व्हरांड्यातल्या खुर्च्यांवर, आणि दोघांच्या मध्ये मोबाईल. नुसती सही करून, चिवडा खाऊन परत येणाऱ्यांतली आपण नव्हे, असं सिंधू मनाशी म्हणायची. बारावी झालेली वडजीवाडीतली पहिली सून होती ती. सभेची विषयपत्रिका घरी आली की पेन्सिलनं खुणा करत वाचायची. मात्र आयत्या वेळचे विषय विषयपत्रिकेवर नसतातच. ते अध्यक्षांच्या परवानगीनं शेवटी येतात, लोक पिशव्या आवरायला लागले की. त्या दिवशी सकाळी बजरंग म्हणाला होता, "आयत्या वेळी आपल्या शाळेचा विषय येणार हाय. दादाची शाळा. अनुमोदन तूच दे, शोभून दिसंल."

विषय वाचला गेला, वडजीवाडी येथील शाळा खोल्यांचे निर्लेखन. आता लेखन काय ते सिंधूला माहीत होतं. शाळेच्या भिंतीवरचे पाढे पुसट झाले होते, सात सक्कच्या जागी पोपडा होता, नकाशातलं कोकण पावसानं धुऊन नेलं होतं. नव्यानं लिहायचं, रंगवायचं, दुसरं काय असणार? शेजारच्या बाईंना विचारावं असं क्षणभर मनात आलं. पण त्या चौथी झालेल्या, आणि चौथी झालेल्या बाईला बारावी झालेलीनं शब्द विचारायचा म्हणजे कसं दिसेल? तिनं हात वर केला आणि चांगलं मोठ्यानं 'अनुमोदन' म्हणाली.

घरी येऊन तिनं ते सासऱ्यांना, लेकांच्या दादाला, सांगितलं, आणि ग्यानोबांनी गावाला. रस्त्याकडेची ती चार गुंठे जागा चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच शाळेला बक्षीस लिहून दिली होती, खोल्यांचे दगड स्वतःच्या बैलगाडीनं वाहिले होते. आजही तिथं तेवीस पोरं बसत होती. "आमच्या सिंधूनं शाळेला निर्लेखन आणलं," असं ते महिनाभर भेटेल त्याला सांगत होते, आणि गावही मान डोलावत होतं. निर्लेखन म्हणजे काय हे कुणी विचारलं नाही. ग्यानोबांनी मुखेडला निजामोद्दीन पेंटरला निरोप धाडला, की येळवशीला जेवायलाच ये, मग भिंती बघू. शाळा बांधली तेव्हा तिच्यावरची पहिली अक्षरं निजामोद्दीननंच काढली होती.

निजामोद्दीन दुपारी आला. लुना बांधाला लावून ज्वारीतून वाट काढत कोपीपर्यंत आला तरी त्याच्या हातात ना ब्रश होता ना डबा. ग्यानोबांनी त्याला शेजारी बसवून घेतलं, आंबिलीचा तांब्या पुढं केला. एरवी दोन वाट्या आंबील पिऊन तिसरी मागणारा माणूस आज वाटी नुसती फिरवत बसला. मग उठून म्हणाला, "सिंधुबेटा, हात धुवायचे. पानी कुठं हाय, दाखव जरा."

हौद कुठं आहे हे त्याला तीस वर्षं माहीत होतं. सिंधू त्याच्यामागं गेली.

"बेटा, एक इचारू? राग मानू नको."

"इचारा की, चाचा."

"ते निर्लेखन. तू वाचलं होतंस का?"

"म्हंजे काय? मीच तर अनुमोदन दिलं."

निजामोद्दीननं डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. "मी चाळीस साल झाले अक्षरं काढून राहिलो. दुकानाची काढली, देवळाची काढली, मशिदीची काढली. हे अक्षर कधी काढलं न्हाई. म्हून काल हेडमास्तरला फोन लावला. म्हणलं, भिंतीवर काय काय लिवायचं ते सांगा. तो बोलंनाच."

"का?"

"निर्लेखन म्हंजे लिवणं न्हाई, बेटा. दफ्तरातून काढून टाकणं हाय. मयताचं नाव रेशन कार्डावरून कमी करतेत ना, तसं. खोल्या पाडायच्या हायेत."

सिंधूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्या मनात पहिला विचार शाळेचा आला नाही, हे तिला पुढं फार दिवस टोचत राहिलं. पहिला विचार आला तो असा, की हे आणखी कुणाकुणाला माहीत झालंय. हेडमास्तरला माहीत होतं. म्हणजे महिनाभर ती शाळेसमोरून जाताना तो नमस्कार करायचा तेव्हाही माहीत असणार. सभेत पुढच्या रांगांना माहीत होतं. आणि आपण हात वर करून, चांगलं मोठ्यानं.

"ग्यानोबाभाऊला मी न्हाई सांगितलं," निजामोद्दीन म्हणाला. "म्हणलं, आधी तुला सांगावं."

तो पंगतीकडं परतला. सिंधूनं बजरंगला खुणेनं कडब्याच्या गंजीमागं बोलावलं. बोटं चाटतच तो आला.

"निर्लेखन म्हंजे काय, तुम्हाला ठावं होतं?"

बजरंगनं हात खांद्यावरच्या पंच्याला पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. "खोल्या जुन्या झाल्यात, सिंधू. एकीला भेग हाय. आज ना उद्या पडणारच."

"अन् पोरं?"

"गायरानात नव्या खोल्या होतील."

"मंजूर हायेत?"

"होतील म्हणलं की."

"अन् ही जागा?"

त्याचं उत्तर मागून आलं. रामलिंग पाण्याचा तांब्या घेऊन तिथवर आलाच होता. "जागा रोडला लागून हाय, सिंधूबाई. ग्रामपंचायत तिथं गाळे काढणार. एक बजरंगचा, एक माझा. दोघा भावांची दुकानं शेजारी शेजारी." मग आवाज उतरवून म्हणाला, "सकाळपासून आईला बघितलं न्हाई का तुम्ही?"

बघितलं होतं. तेच तर.

"मी महिनाभर भिंती लिवायच्या म्हणत हिंडले," सिंधू नवऱ्याला म्हणाली. "मामांनी गावभर सांगितलं. तुम्ही तिथंच बसून ऐकत होता. एकदा सांगावं वाटलं न्हाई?"

"तू इचारलंस का?" बजरंग म्हणाला. "इचारलं असतंस तर सांगितलं असतं. मी एक अक्षर खोटं बोललेलो न्हाई."

आणि हे खरं होतं. त्याचं खोटं निघालं असतं तर तिला भांडता आलं असतं. आता भांडायचं कुणाशी?

"परवा सभा हाय," तो समजुतीनं बोलू लागला. "मागचं इतिवृत्त कायम करायचं, हा पहिलाच विषय. तो झाला की कुणाला काय बदलता येत न्हाई. तू फकस्त गप बसायचं. दादाला मी सांगतो, चार दिस जाऊ दे. आजच्या दिवशी आईच्या ताटात माती नको कालवू."

कोपीकडून केवळाबाईंचा आवाज आला, "आरं, कुठं गेले दोघं? खीर थंड होऊन राहिली." त्या आवाजात सहा वर्षांनी 'दोघं' हा शब्द आला होता.

सिंधू गप्प बसली. सभेत ती बोलली तेव्हा तिला माहीत नव्हतं, आणि आता माहीत असून ती बोलली नाही. दोन्हींत जास्त वाईट कुठलं हे तिला तेव्हाच कळलं होतं, तरी ती पदर खोचून बाजरीचे उंडे वाढायला गेली.

तासभर गेला. पंगत उठली, ग्यानोबांनी पान जमवलं आणि नातीला हाक मारली. "साक्षे, तुज्या आईच्या पिशवीत त्यो कागद हाय बग, काल टपालानं आलेला. आण, अन् निजामभाईला वाचून दाखव."

सिंधूची ही लेक लातूरला नववीत होती. येळवशीच्या सुट्टीला आलेली, आणि वाचून दाखव म्हटलं की हरखून जाणारी. ती पिशवीकडं धावली.

"राहू दे ना, भाऊ," निजामोद्दीन म्हणाला. "कागद कुठं पळून जातोय?"

"न्हाई, न्हाई. तुला कळू दे, आमच्या सिंधूचं नाव कसं छापलंय ते."

काल सणाच्या धांदलीत सिंधूनं त्या कागदात फक्त आपलं नाव शोधून मामांना दाखवलं होतं, बाकीचं वाचलंच नव्हतं. आता ती हाताच्या अंतरावर होती. पिशवी उचलता आली असती, साक्षीला पाण्याला पाठवता आलं असतं, चष्म्याचं, चहाचं, कशाचंही निमित्त काढता आलं असतं. बजरंग तिच्याकडं डोळे मोठे करून बघत होता. तिच्यानं जागचं हलवेना.

साक्षी शाळेतल्या प्रार्थनेसारखं उभं राहून वाचू लागली. "ठराव क्रमांक एकेचाळीस. मौजे वडजीवाडी येथील शाळेच्या दोन जुन्या खोल्या निर्लेखित करून पाडण्यास, व मोकळी होणारी जागा ग्रामपंचायतीकडे वर्ग करण्यास ही सभा मंजुरी देत आहे. अनुमोदक, सौ. सिंधू बजरंग..." तिथं तिचा आवाज खाली आला. "आबा, पाडण्यास म्हणजे..."

"कळलं मला," ग्यानोबा म्हणाले.

त्यांनी तोंडातलं पान बाजूला थुंकलं. कागद मागून घेतला, उलटा-सुलटा बघितला, वाचता येत नसतानाही बराच वेळ बघितला. मग सुनेकडं वळले.

"ठावं होतं तुला?"

"तवा न्हवतं, मामा." सिंधूला तिथं थांबता आलं असतं. "आता कळलं. निजामचाचा आले तवा."

"म्हंजे तास झाला."

"हाव."

"मग तासभर उंडे वाढत का बसलीस?"

तिची नजर आपोआप सासूकडं गेली, आणि केवळाबाईंनी ती नजर पकडली. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण घरातलं बोलल्यावाचून वाचायची त्यांना साठ वर्षांची सवय होती. त्यांनी थोरल्याकडं बघितलं, मग धाकट्याकडं.

"म्हंजे यासाठी एका पंगतीला बसले व्हय रे?" त्या म्हणाल्या.

"आई, तसं न्हाई..." बजरंग पुढं सरकला.

"दादा, जुन्या दगडाचं एवढं काय घेऊन बसलात?" रामलिंगचा आवाज चढला. "चार गुंठे जागा. रस्ता मोठा झाला, तिथं पोरं बसवून काय करता? सिंधूबाईनं सही केलीय. जिल्हा परिषदेचा ठराव हाय, पोरखेळ न्हाई."

"जागा मी दिली होती, रामलिंगा. तुज्याकडनं मागून घेऊन न्हवती दिली."

एवढंच ग्यानोबा बोलले. रामलिंगनं तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, चप्पल पायात सरकवली आणि बांधाकडं चालू लागला. गाडी वळवताना त्यानं काच वर केली. केवळाबाई त्याच्या पत्रावळीवर राहिलेला अर्धा उंडा बघत उभ्या होत्या. "एवढा खाऊन तर जायाचं," त्या म्हणाल्या, आणि तो उंडा त्यांनी फडक्यात बांधून ठेवला.

निजामोद्दीनही उठला. जाताना ग्यानोबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, माफी द्या. सणाच्या दिवशी आलो अन्..." ग्यानोबांनी त्याचा हात थोपटला. दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं.

दिवस कलला तशी शिवारात जागोजागी कडब्याच्या पेंढ्या पेटवून माणसं पिकाभोवती फिरू लागली. दरवर्षी हा हेंडगा बजरंग फिरवायचा. आज तो गाडीत जाऊन बसला होता. ग्यानोबांनीच पेंढी पेटवली, ज्वारीच्या कडेनं एक फेरा घेतला आणि दम लागून धुऱ्यावर बसले. सिंधू पाणी घेऊन गेली.

"मामा, रागवा मला."

त्यांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "हात वर करण्याआधी बाजूच्या बाईला इचारायचं की ग."

"लाज वाटली. माझी बारावी झाली ना."

ग्यानोबांनी विझती पेंढी पायानं मातीत दाबली. "तुजी बारावी तरी झालीय," ते म्हणाले. "मला तर अक्षरओळख न्हाई. मला कशाची लाज होती? मीबी कुणाला इचारलं न्हाई. इचारलं तर सुनेचं काम आपल्याला कळलं न्हाई असं दिसंल, म्हून. महिनाभर तसाच मिरवलो."

परवा तू काय करणार, असं त्यांनी विचारलं नाही. काय कर, हेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला सोपं गेलं असतं, हे बहुधा त्यांना ठाऊक होतं.

सभेच्या दिवशी बजरंगनं तिला गाडीतून नेलं. वाटेत दोघं बोलले ते पेट्रोल पंपावर एकदा, आणि तेही काच खाली करण्यापुरतं. सभागृहाच्या दाराशी तो म्हणाला, "आई दोन दिस जेवली न्हाई. तेवढं ध्यानात ठेव." मग तो व्हरांड्यातल्या त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसला.

सिंधूनं वाटेत एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. तांत्रिक कारणास्तव माझे अनुमोदन मागे घेत आहे. इतिवृत्तात असली वाक्यं तिनं पेन्सिल घेऊन वाचली होती. कुणाला काही कळत नाही आणि कुणी काही विचारत नाही, असं हे चांगलं झाकलेलं वाक्य होतं.

"विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

"मंजूर, मंजूर," पुढच्या रांगांतून आलं. एक पान उलटलंही गेलं होतं.

"एक मिनिट," सिंधू उभी राहिली. तिनं पुढच्या बाकाची पाठ धरली. "ठराव एकेचाळीस. त्यात दुरुस्ती हाय."

माना मागं वळल्या. मागच्या रांगेतून दुरुस्ती येण्याची तिथं सवय नव्हती. हातातला मोबाईल थरथरला. बजरंगचा मेसेज होता, 'खाली बस.' तिनं मोबाईल बाकावर पालथा ठेवला.

"अनुमोदक म्हणून माझं नाव हाय. ते मी मागं घेते."

"कारण?"

वरच्या टेबलाशी बसलेले सभेचे सचिव भले गृहस्थ होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि आपणहून म्हणाले, "तांत्रिक कारणास्तव असं घेऊ का, ताई?"

तिचंच वाक्य, आयतं समोर आलेलं. नुसती मान हलवायची होती.

"न्हाई," सिंधू म्हणाली. "निर्लेखन म्हंजे काय ते मला ठावं नव्हतं. मला वाटलं, भिंतीवर पाढे लिवायचेत."

पुढच्या दोन रांगांतून हसू फुटलं. एकानं ते शेजाऱ्याला पुन्हा सांगितलं आणि तोही हसला. मागच्या रांगेत कुणी हसलं नाही. चौथी झालेल्या त्या बाई मान खाली घालून बांगड्या सारख्या करत होत्या. सिंधूचं तोंड पेटल्यासारखं झालं होतं. उघड्या दारातून व्हरांड्यात उभा राहिलेला बजरंग दिसत होता, आणि त्याचाही चेहरा उतरला होता.

"ठीक आहे, ठीक आहे," सचिव घाईनं म्हणाले. "अनुमोदनच राहिलं नाही, तर ठराव पुन्हा सभेपुढं आणावा लागेल. तेवढं पुरे. बाकीचं लिहायची गरज नाही. बसा तुम्ही."

"लिवा, साहेब. मागच्या वेळी माझं नाव लिवलं होतं. आता हेबी लिवा."

सचिवांनी बाजूच्या लिपिकाकडं बघितलं. त्यानं पेन उघडलं. "शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, असं लिहू का, ताई?"

सिंधूला कडब्याची गंजी आठवली, पंच्याला दोनदा पुसलेला हात आठवला. आणि धुऱ्यावर बसलेले मामा.

"न्हाई," ती म्हणाली. "अर्थ विचारला नाही, असं लिहा."

लिपिकानं तसं लिहिलं. तो लिहीपर्यंत ती उभीच राहिली.